रेस उचलेना, स्लो बसेना

होळी होऊन गेली की बीड जिल्ह्यातल्या गॅरेजांचा वेगळाच हंगाम सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचे पट्टे पडत जातात, म्हणजे गाळप संपत जाते. ऊसतोड टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या गावांत परततात आणि पाच-सहा महिने पडवीत उभ्या असलेल्या मोटारसायकली बाहेर निघतात. काही पहिल्याच किकला चालू होतात. काहींचा सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. काही चालू होतात, पण रेस उचलत नाहीत. उचललीच तर स्लो बसत नाही, आणि घाटात नेली की मधेच दम सोडतात.

कार्बोरेटरच्या गाडीला यावरचा उपाय ठरलेला होता. शिळे पेट्रोल काढून टाकायचे, कार्बोरेटरची वाटी उघडायची, जेटमधून हवा मारायची, प्लग घासून लावायचा. तासाभरात गाडी रस्त्यावर. इंजेक्शनच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एफआय’ गाडीपाशी मात्र हा सरावाचा हात अडतो. तिथे वाटी नाही, जेट नाही, चोकही नाही. मग दोनच निदाने कानावर पडतात. एक, ‘हिचा ईसीएम गेलाय’, म्हणजे इंजेक्शन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. दुसरे, ‘ही इथं व्हायची नाही, शहरात न्या.’ पहिल्यात गरिबाचे पैसे जातात, दुसऱ्यात दिवस जातो. आणि बहुतेक वेळा ही दोन्ही निदाने चुकीची असतात.

बीड, मांजरसुंबा, केज या पट्ट्यातल्या गॅरेजांत बसून, मिस्त्रींशी बोलून आणि गाड्या उघडलेल्या पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. जुनी एफआय गाडी दुरुस्त करायला लॅपटॉप नंतर लागतो, आधी लागतो क्रम. बॅटरी, पेट्रोल, हवा, ठिणगी, सेन्सर आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. या क्रमाने मोजत गेलेला मिस्त्री तालुक्याच्या गावातही गाडी उभी करतो. क्रम सोडून अंदाजाने सामान बदलणारा जिल्ह्याच्या ठिकाणीही ती बिघडवून ठेवतो.

जुन्या म्हणजे किती जुन्या?

भारतात इंधन इंजेक्शनची पहिली मोटारसायकल २००६ साली आली. हिरो होंडाची १२५ सीसीची ग्लॅमर एफआय. २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय आली, २००८ मध्ये यामाहाची आर१५ आणि टीव्हीएसच्या अपाचे १६० चे एफआय रूप, २००९ मध्ये करिझ्मा झेडएमआर आणि रॉयल एनफिल्डची क्लासिक ५००. त्या काळी या गाड्या हौशी लोकांच्या होत्या. पल्सर २२० तर २००९ मध्ये पुन्हा कार्बोरेटरवर आली, कारण बाजाराला तेच परवडत होते आणि मिस्त्रीला तेच समजत होते.

चित्र बदलले १ एप्रिल २०२० रोजी. बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि जवळपास सगळ्या मोटारसायकलींना इंजेक्शन आले, अगदी शंभर सीसीच्यांनाही. त्यातल्या पहिल्या गाड्या आता पाच वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांची वॉरंटी संपली, एक-दोन मालक झाले आणि पुण्या-संभाजीनगरच्या सेकंडहँड बाजारातून त्या बीडच्या खेड्यांत उतरल्या. ज्या माणसाने गाडी नवी घेतली त्याला शोरूम होते. आज ती ज्याच्या दारात उभी आहे त्याला गावातला मिस्त्री आहे. म्हणून हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. दूध घालायला जाणारा, शाळेवर जाणारा शिक्षक, टोळी जमवत गावोगाव फिरणारा मुकादम, या सगळ्यांची रोजी या गाडीवर आहे.

पेटीत काय चालते

कार्बोरेटरमध्ये इंजिन स्वतःच्या ओढीने पेट्रोल खेचून घेते. एफआयमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, बहुतेक गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो. ते पेट्रोल इंजेक्टरच्या तोंडाशी थांबते. इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ईसीएम ठरवतो. स्लोवर तो एका वेळी दोन-तीन मिलिसेकंद उघडतो, म्हणजे सेकंदाचा काही हजारावा भाग. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे मारत असेल तर दर सेकंदाला बारा-तेरा वेळा ही उघडझाप होते.

ती वेळ ठरवण्यासाठी ईसीएमला चार-पाच ठिकाणांहून खबर लागते. मॅग्नेटजवळची पिकअप कॉइल सांगते की इंजिन कुठे आहे आणि किती वेगाने फिरते आहे. थ्रॉटलचा सेन्सर सांगतो की चालकाने रेस किती दिली आहे. मॅनिफोल्डमधला दाबाचा सेन्सर हवा किती येते ते सांगतो. तापमानाचा सेन्सर इंजिन थंड आहे की गरम ते कळवतो आणि सायलेन्सरच्या बेंडवरचा ऑक्सिजन सेन्सर जळून गेल्यावर काय उरले याची खबर देतो. गाडी पडली तर इंजिन बंद करणारा एक सेन्सर वेगळा. यातली कोणतीही खबर खोटी आली तर ईसीएम इमानेइतबारे चुकीचे पेट्रोल सोडतो. आणि ही सगळी खबर विजेवर येते. म्हणून तपासणीची सुरुवात बॅटरीपासून.

मांजरसुंब्याची एक दुपार

मांजरसुंब्याच्या एका गॅरेजात एक वयस्क गृहस्थ त्यांची बारा-तेरा वर्षांची एफआय गाडी टेम्पोत घालून घेऊन आले होते.

‘‘काय झालंय मामा?’’ मिस्त्रींनी विचारले.

‘‘सेल्फवर लवकर उठंना. उठली तर रेस दिली की झटके मारायली. चढाला तर दमच सोडायली.’’

‘‘आधी कुठं दाखवली?’’

‘‘दोन ठिकाणी. प्लग बदलला, कॉइल बदलली. आता ईसीएम टाका म्हणायलेत.’’

मिस्त्रींनी एकही नट सोडला नाही. आधी मल्टिमीटर बॅटरीला लावला. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग सेल्फ मारताना सेल्फ-मोटरचे टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांत मोजले, तर काटा ९.४ वर कोसळला. इतक्या खाली व्होल्टेज गेले की पंप पुरता फिरत नाही, ईसीएम मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि इंजेक्टरही वेळेवर उघडत नाही. इथे कोणीही बॅटरी बदलली असती. त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या बॉडीला लावली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. पाव व्होल्टच्या आत दिसायला हवे तिथे जवळजवळ एक व्होल्ट दिसला. याचा अर्थ अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे. सीटखालून इंजिनकडे गेलेली जाड काळी वायर सोडली, तर टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला. घासून, पत्रा चकचकीत करून, वॉशर घालून घट्ट केली. आता सेल्फ मारताना तिथेच १०.६. इंजिन लगेच उठले.

झटके मात्र कायम होते. मग पाळी पेट्रोलची. टाकीतून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत त्यांनी दाबाचे घड्याळ बसवले. ३ बारच्या जागी १.८. पंप बाहेर काढल्यावर त्याची जाळी तपकिरी गाळाने बुजलेली आणि टाकीच्या तळाला गंजाचा थर. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर नवे घातले, दाब ३ वर आला. गाडी मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरवर चढून आली. ईसीएम जागचा हलला नाही. आधी बदललेले प्लग आणि कॉइल चांगलेच होते, पण त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

या तपासणीत वापरलेली हत्यारे दोनच: मल्टिमीटर आणि दाबाचे घड्याळ. आधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांच्याकडे हुशारी कमी नव्हती. मोजायचा क्रम त्यांना कोणी शिकवलेला नव्हता.

शंभरचे पेट्रोल

चावी फिरवली आणि किल स्विच चालू असला की टाकीतून दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज यायला हवा. तो पंपाचा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, किल स्विच, गाडी पडल्यावर बंद करणारा सेन्सर आणि पंपाचे कनेक्टर या क्रमाने बघायचे. आवाज येतो पण गाडी ओढत नाही, तर दाब मोजायचा. नळी सोडण्याआधी पंपाचे कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. नाहीतर पेट्रोलची पिचकारी तोंडावर उडते. जवळ पेटती विडी, वेल्डिंग किंवा उघडा बल्ब असता कामा नये.

आपल्याकडे पंप लवकर जाण्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही आपल्या सवयीतली. ‘शंभरचं टाका’ म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची ही पहिली. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा रिकाम्या टाकीत तो पंप भाजून निघतो. शिवाय तळाचा गाळ थेट जाळीवर येतो. दुसरे कारण म्हणजे किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळणारे पेट्रोल. त्यात धूळ किती, पाणी किती, ते सांगता येत नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून निघून जाणारा कण इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत अडकतो. ठिबकचा फिल्टर साफ केला नाही तर ड्रिपर बुजतात हे आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. इंजेक्टरचे अगदी तेच आहे. फरक इतकाच की ड्रिपर काही रुपयांत येतो आणि इंजेक्टरला हजारात मोजावे लागतात.

इंजेक्टर चालतो की नाही हे बघायला मोठा स्क्रू-ड्रायव्हर त्याला टेकवून मूठ कानाला लावावी. टिकटिक ऐकू येते. नसेल येत तर कनेक्टर काढून ओहम मोजावेत, बहुतेक मोटारसायकलींत १० ते १५ च्या दरम्यान भरतात. टिकटिक असूनही फवारा बारीक पडत नसेल तर अल्ट्रासॉनिक यंत्रावर तो साफ करून मिळतो. बॅटरीची वायर थेट इंजेक्टरला लावून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो धोक्याचा आहे. त्याची आतली कॉइल जळते आणि साफ होणारा भाग कायमचा जातो.

उसाचे पेट्रोल, उसाच्या माणसाची गाडी

पेट्रोलचा विषय निघाला की आज प्रत्येक गॅरेजात इथेनॉलचा विषय निघतो. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता देशभर बहुतेक पंपांवर तेच मिळते. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर साधारण ७० लिटर निघते. आता देशातल्या इथेनॉलमध्ये मक्यासारख्या धान्याचाही मोठा वाटा आहे, पण महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे इथेनॉल मुख्यतः उसाचे. म्हणजे कोयत्याने ऊस तोडणारा बीडचा माणूस उन्हाळ्यात घरी येऊन ज्या पेट्रोलवर गाडी चालवतो, त्यात त्याच्याच हातून गेलेला ऊस असू शकतो. हे इंधन त्याच्या जुन्या गाडीला कसे मानवते हे त्याला कोणीतरी सरळ सांगायला हवे.

सरळ सांगायचे तर असे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० चे हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडे जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली एफआय गाडी एका वेगाने चालताना हा फरक स्वतः भरून काढते, कार्बोरेटरला ते जमत नाही. पण इंजिन थंड असताना आणि पूर्ण रेसवर ईसीएम त्या सेन्सरचे ऐकत नाही, ठरलेल्या हिशेबाने चालतो. काही जुन्या एफआय गाड्यांत तर हा सेन्सरच नाही. त्यामुळे सकाळी उशिरा चालू होणे, रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटफटणे, प्लगचे नाक पांढरे पडणे ही लक्षणे दिसतात. मायलेजही थोडे उतरते. जुन्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के असेल, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज आहे.

याहून मोठा त्रास उभ्या गाडीला होतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकीत पाणी वाढत गेले की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, नेमके पंपाच्या जाळीपाशी. जुन्या टाकीतला चिकटलेला गाळही इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जातो. जुने रबर फुगते. म्हणून सहा महिने उभ्या गाडीचे थोडे पेट्रोल आधी पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला किंवा रंग गढूळ असला तर सेल्फ मारत बसू नये, टाकी रिकामी करावी. प्रत्येक बिघाड इथेनॉलच्या माथी मारणेही बरोबर नाही. बॅटरी आणि अर्थिंग न मोजता ‘पेट्रोलच खराब येतंय’ म्हणणारा मिस्त्री ‘ईसीएम गेलाय’ म्हणणाऱ्याइतकाच चुकतो.

हवा चोरून येते तेव्हा

स्लो न बसण्याचे मूळ बहुधा हवेत असते. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीच्या कडेला काळी काजळी साठते, स्लोला लागणारी हवा अडते आणि सिग्नलवर गाडी बंद पडते. पाकळी आणि हवेची बारीक वाट क्लीनरने नीट पुसली की हा दोष जातो. पण तिथे रंगाचा ठिपका मारलेले किंवा सील केलेले स्क्रू असतात, ते फिरवायचे नाहीत. ती कारखान्यातली जुळवणी आहे. कार्बोरेटरच्या सवयीने कोणी तो स्क्रू पिळला की थ्रॉटल सेन्सरचे सगळे हिशेब चुकतात. बंद थ्रॉटलला साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, मधे कुठेही न अडखळता, असे त्याचे व्होल्टेज वाढत जायला हवे.

उलट रेस आपोआप वर राहत असेल, सोडली तरी उतरत नसेल, तर हवा चोरून आत येते आहे. थ्रॉटल बॉडी आणि इंजिनच्या मधले रबर उन्हाने तडकते. तडा बोटाने दाबल्याशिवाय दिसत नाही. इंजिन स्लोवर ठेवून त्या रबरावर साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज बदलला तर जागा सापडली. पेट्रोल किंवा स्प्रे मारून हीच तपासणी करतात, पण गरम सायलेन्सरजवळ तो जुगार आहे.

एअर फिल्टरची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी. कार्बोरेटरच्या गाडीचा फिल्टर बुजला की पेट्रोल जास्त पडते, काळा धूर निघतो आणि दोष डोळ्यांना दिसतो. एफआयमध्ये हवा कमी आली की दाबाचा सेन्सर ते ओळखतो आणि ईसीएम पेट्रोलही कमी करतो. धूर नाही, चेक लाइट नाही, नुसता दम कमी होतो. शेतातली काळ्या मातीची धूळ आणि गाळपाच्या दिवसांत ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरचा फुफाटा खाल्लेला फिल्टर महिनोन् महिने बदललाच जात नाही, आणि मालक म्हणतो, ‘गाडी म्हातारी झाली.’

घाटात बंद, अर्ध्या तासाने चालू

धारूरच्या घाटात गाडी बंद पडते, सावलीत उभी केली की अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी चालू होते. गॅरेजात आणेपर्यंत ती पूर्ण बरी असते. या बिघाडाचा शोध ज्या क्षणी गाडी बंद पडते त्या क्षणीच लागतो. एक जादा प्लग खिशात ठेवावा. गाडी बंद पडताच तो कॅपमध्ये घालून, त्याचे लोखंड इंजिनला घट्ट टेकवून सेल्फ मारावा. जागेवरचा प्लग काढायचा नाही, म्हणजे पेट्रोलची वाफ उघड्यावर येत नाही.

ठिणगी आहे पण पंपाचा आवाज नाही, तर पंप किंवा त्याचा रिले. पंप वाजतो, इंजेक्टर टिकटिकतो, पण ठिणगी नाही, तर इग्निशन कॉइल. ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही गप्प, तर संशय पिकअप कॉइलवर. तिच्याकडून खबर आली नाही की ईसीएमला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. गरम झाल्यावर तिच्या आतली बारीक तार तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून तिचे ओहम थंड इंजिनावर मोजून उपयोग नाही, गरम असतानाच मोजायचे.

प्लगचा एक बारकावा इथेच सांगायला हवा. एफआय गाडीला रेझिस्टरचा प्लग लागतो, त्याच्या नंबरात बहुधा ‘आर’ अक्षर असते. स्वस्तातला साधा प्लग घातला की ठिणगीचा विद्युत गोंगाट वायरिंगमध्ये शिरतो आणि ईसीएम कारण नसताना गडबडतो. आणि ज्या इंजिनांत टॅपेट हाताने बसवावे लागतात, तिथे गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचे टॅपेट नक्की तपासावेत. ते आवळलेले असले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि कोणताही स्कॅनर त्याचे नाव सांगत नाही.

पिवळा दिवा काय म्हणतो

मीटरमधला पिवळा चेक लाइट हा जुन्या एफआय गाडीचा मोफत स्कॅनर आहे. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत तो ठरलेल्या संख्येने लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. सात छोट्या म्हणजे इंजिनच्या तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटलचा, नऊ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, इंजेक्टर. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे एकवीस, ऑक्सिजन सेन्सर. पाच लांब आणि चार छोट्या म्हणजे चोपन्न, गाडी पडल्याचा सेन्सर. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे, ते त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात.

हा आकडा पार्टचे नाव सांगतो, दोष मात्र त्या पार्टच्या वायरमध्येही असू शकतो. सात आला म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याचे कनेक्टर काढावे. आत पाणी किंवा हिरवा गंज आहे का ते बघावे. मग सेन्सरचे ओहम मोजावेत. नेहमीच्या हवेत दोन-तीन हजार ओहम आणि गरम पाण्यात धरला की झपाट्याने खाली, काहीशेवर. असा उतरला तर सेन्सर चांगला आणि दोष वायरिंगचा.

वायरिंगचे शत्रू आपल्याकडे घरातलेच आहेत. पडवीत उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने मारलेले पाणी कनेक्टरांत शिरते. हँडलखाली, जिथे वायरिंग रोज डावी-उजवीकडे वळते, तिथे आतली तार तुटते आणि वरचे आवरण शाबूत राहते. आणि जादा लाइट किंवा मोठ्या हॉर्नसाठी कोणी ईसीएमच्या वायरीलाच जोड मारलेला असतो. हॉर्न दाबला की इंजिन हुकते, तर पहिल्यांदा तो जोड शोधायचा.

पुस्तक कोणाचे?

या सगळ्यात गूढ काही नाही. अडचण आहे ती माहितीची. कोणत्या गाडीचा दाब किती, पिकअप कॉइलचे ओहम किती, दिवा चौदा वेळा लुकलुकला तर काय, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते आणि ते मॅन्युअल अधिकृत वर्कशॉपच्या कपाटात असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचे क्षेत्रही आहे. दिशा योग्य आहे. पण केजच्या मिस्त्रीला मराठीतून, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या पुढ्यातल्या गाडीचे आकडे मिळतील तेव्हाच तो हक्क त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांना लाल रंगाचे सहा पिनांचे एकसारखे कनेक्टर आहे, त्यामुळे एक स्कॅनर अनेक कंपन्यांना चालू शकतो. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये काम करत्या मिस्त्रींसाठी गाळप हंगामात, म्हणजे गॅरेजात गर्दी कमी असते तेव्हा, आठवड्याभराचे वर्ग भरवता येतील. मीटर धरायला, दाब मोजायला आणि वायरिंगचा नकाशा वाचायला तेवढा वेळ पुरतो. ही पोरे कार्बोरेटर डोळे मिटून जोडणारी आहेत. त्यांना कमी लेखून शहराकडे बोट दाखवणे हा त्यांच्यावर आणि त्यांच्या गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

निघण्याआधी

हंगाम तोंडावर आला की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. गाडी घरी ठेवून जाणाऱ्यांनी एवढे करावे. घरात कोणी मागे राहणार असेल तर त्याला पंधरवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटे रस्त्यावर फिरवायला सांगावे. जागेवर पाच मिनिटे सुरू ठेवून बंद करण्यात फायदा नाही, बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. कोणीच राहणार नसेल तर पंपावरून ताजे पेट्रोल घेऊन टाकी भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही आणि पत्रा गंजत नाही. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून ते पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचवावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टरची वाट कापडाने झाकावी आणि झाकल्याची चिठ्ठी मीटरवर बांधावी. गाडी धान्याच्या पोत्यांपासून लांब ठेवावी.

परत आल्यावर चिठ्ठी वाचून कापड काढावे, पेट्रोल बाटलीत बघावे, बॅटरी चार्ज करून लावावी, पंपाचा आवाज ऐकावा आणि मगच सेल्फ मारावा. तरीही गाडी उठली नाही तर मिस्त्रीकडे जाऊन पहिले वाक्य एवढेच म्हणावे: ‘‘मिस्त्री, काही बदलायच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलचा दाब मोजून दाखवा.’’ मोजून दाखवणाऱ्याकडे गाडी सोडावी. न मोजता ईसीएमचे नाव घेणाऱ्याकडून ती परत न्यावी. सहा महिने राबून, आगाऊ घेतलेली उचल फिटून हाती उरलेले पैसे अंदाजावर खर्च करण्याइतके स्वस्त नाहीत.